प्रस्तावना : औषध गाठीपर्यंत पोहोचवायचे कसे?

१९८० साली म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधून, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून, विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि एन. चंद्रशेखरा यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. संस्थेचा मुक्काम १९५० पासून चेलुवांबा मॅन्शन या राजवाड्यात. मसाले, धान्ये, तेले हे तिथले रोजचे विषय. या दोघांनी पांढऱ्या उंदरांना हळदीतले करक्युमिन ४०० मिलिग्रॅम पाजले आणि ते शरीरात कुठे कुठे जाते याचा माग काढला. सुमारे ६० टक्के शोषले गेले होते. पण हृदयातून घेतलेल्या रक्तात करक्युमिन म्हणावे असे काही सापडले नाही. यकृताकडे जाणाऱ्या रक्तात ते नावापुरते होते. आणि चोवीस तास उलटल्यावरही दिलेल्यापैकी ३८ टक्के माल मोठ्या आतड्यात तसाच पडून होता.

हळदीचे गुणगान करणाऱ्यांना हा निबंध फारसा रुचणारा नाही, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. औषध चांगले की वाईट, या वादात न पडता त्यांनी आधी विचारले : ते जाते कुठे, आणि किती? या पुस्तकाचा विषय हळद नाही. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरवर मायक्रोआरएनए या इवल्या रेणूंच्या आधारे उपचार करता येतील का, हा आहे. पण तीसेक वर्षांचे हे सगळे संशोधन चाळताना मला पुन्हा पुन्हा तोच म्हैसूरचा प्रश्न भेटत गेला. कोणता रेणू बिघडला आहे हे बरेचसे कळले आहे. तो दुरुस्त करणारा रेणू नेमक्या पेशीत नेऊन कसा सोडायचा, इथे गाडी अडली आहे.

आधी आजाराविषयी. जगात दर वर्षी या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण सापडतात आणि नऊ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावतात. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा क्रमांक फुप्फुसाच्या कॅन्सरखालोखाल दुसरा लागतो. भारतात प्रमाण पुष्कळ कमी. वर्षाला नवे रुग्ण ६५ ते ७० हजारांच्या घरात. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तिच्या वह्यांतही मुंबईच्या मानाने हा आजार कमीच दिसत आला आहे. म्हणून तो आपला नव्हे, साहेबांच्या मांसाहारी ताटातला आहे, अशी एक समजूत आपल्या डॉक्टरांतही बरीच वर्षे होती. परळच्या टाटा रुग्णालयाने आपल्याकडच्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात रुग्णांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा रोग आहे. आपल्याकडे कर्त्या वयातली माणसे आणि तीही बऱ्याचदा रोग पुढे गेल्यावर येतात.

उशीर का होतो, हे कुठल्याही सर्जनला विचारा. शौचातून रक्त गेले की घरचे निदान ठरलेले असते : मूळव्याध. मग मलम, इसबगोल, कुणीतरी सांगितलेला झाडपाला, एखाद्या ‘बिनटाक्याच्या’ दवाखान्याची पायरी, आणि लाजेपोटी गिळलेले सहा-आठ महिने. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरांचा समावेश आहे. आतड्याची पाळी अजून आलेली नाही. गाठ आतड्यापुरती असताना सापडली तर पाच वर्षांनंतर शंभरातले नव्वद रुग्ण हयात असतात, दूरवर पसरल्यावर जेमतेम पंधरा. हे अमेरिकेचे आकडे. आपले यापेक्षा बरे असण्याचे कारण नाही.

पसरलेल्या रोगावर आज जे आहे ते असे. १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या प्रयोगशाळेतून आलेले ५-फ्लुरोयुरॅसिल अजूनही केमोचा कणा आहे. त्याच्या जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन आणि इरिनोटेकॅन. वाढीच्या ग्राहकांना रोखणारी सेटुक्सिमॅबसारखी औषधे आहेत, पण ज्यांच्या गाठीत केरास जनुक बिघडले आहे, म्हणजे दहातल्या चौघांत, ती चालत नाहीत. इम्युनोथेरपीने काही रुग्णांत कमाल केली आहे. मात्र पसरलेल्या रोगात तिचा असा लाभ होणारे शेकडा चार-पाचच. बाकीच्या पंचाण्णवांसाठी नव्या वाटा हव्यात. मायक्रोआरएनए ही त्यांतली एक.

तिची सुरुवात कॅन्सरपासून फार दूर, मातीतल्या एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात झाली. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांचे सहकारी या किड्यातले लिन-४ हे जनुक शोधत होते. १९९३ मध्ये हाती आले ते विचित्र होते : हे जनुक प्रथिन बनवतच नव्हते, त्यातून निघत होता फक्त बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. गॅरी रुव्हकुन यांनी त्याच वेळी दाखवले की हा तुकडा लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्याचे प्रथिन होऊ देत नाही. किड्याची काहीतरी खोड, म्हणून जगाने तिकडे सात वर्षे काणाडोळा केला. २००० साली रुव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेत लेट-७ सापडले आणि ते माशांपासून माणसापर्यंत जसेच्या तसे आहे असे दिसले, तेव्हा मंडळी खडबडून जागी झाली. दोघांना नोबेल मिळायला २०२४ उजाडले. दरम्यान फायर आणि मेलो यांना आरएनए-हस्तक्षेपाच्या, म्हणजे आरएनएने जनुक गप्प करण्याच्या, शोधासाठी २००६ मध्येच ते मिळून गेले होते.

या रेणूचे काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पेशीच्या केंद्रकात आधी एक लांब, दुमडलेला आरएनए तयार होतो. ड्रोशा नावाचे विकर तो छाटते. बाहेर आल्यावर डायसर त्याला पुन्हा कापते. उरलेला बावीसेक अक्षरांचा तुकडा आर्गोनॉट या प्रथिनाच्या खोबणीत बसतो. त्यातली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे ज्या संदेशाच्या शेपटीशी जुळतील त्या संदेशाला तो धरतो. मग त्या संदेशापासून प्रथिन कमी बनते किंवा संदेशच मोडीत निघतो. सातच अक्षरे जुळायची असल्यामुळे एका मायक्रोआरएनएच्या कह्यात शेकडो जनुके येतात. माणसाची निम्म्याहून अधिक प्रथिन-जनुके अशा कुणा ना कुणाच्या देखरेखीखाली आहेत. हा परिणाम दिव्याच्या बटणासारखा नसतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा असतो. एकेका जनुकाचा वेग थोडा उतरतो, पण एकाच वेळी अनेकांचा. या उपचारपद्धतीचे सगळे आकर्षण आणि सगळा धोका याच एका गोष्टीत आहे.

कॅन्सरशी नाते प्रथम जुळले ते रक्ताच्या कॅन्सरात. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवले की एका प्रकारच्या ल्युकेमियात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा गळालेला असतो त्यात मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए असतात. आतड्याची पाळी पुढच्याच वर्षी आली. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या मायकेल यांच्या गटाने निरोगी आतडे आणि गाठ यांची तुलना केली आणि मिर-१४३ व मिर-१४५ ही जोडी गाठीत घटलेली आढळली. ती साध्या पॉलिपमध्येही घटलेली होती. निष्कर्ष उघड वाटत होता : हे दोघे गाठीला आवर घालणारे राखणदार आहेत, ते गेले म्हणून गाठ वाढली, ते परत आणून दिले की गाठ आटोक्यात येईल. पुढची दहा वर्षे या जोडीवर निबंधांचा पाऊस पडला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरपेशींत मिर-१४५ घातले की पेशी मंदावत, आणि तेवढ्यावर निबंध तयार होई.

मग २०१४ मध्ये जोशुआ मेंडेल यांच्या गटाने एक साधी गोष्ट तपासली. आतड्यात ही जोडी असते कुठे? ती आतड्याच्या अस्तरात नव्हतीच. ती होती अस्तराखालच्या आधारपेशींत, स्नायूंसारख्या पेशींत. कॅन्सर होतो अस्तरात. गाठीत अस्तराच्या पेशींची गर्दी होते, आधारपेशींचे प्रमाण घटते, आणि सगळा तुकडा एकत्र वाटून मोजला की मिर-१४३ कमी झाल्यासारखे दिसते. अस्तराच्या पेशींनी ते कधी गमावलेच नव्हते, कारण त्यांच्यापाशी ते नव्हतेच. या क्षेत्रात येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याने एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ही करावी. तुकडा वाटून काढलेली सरासरी कुठल्या पेशीविषयी बोलते आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाकीची प्रमुख पात्रे लवकर उरकतो. पुस्तकात ती सविस्तर भेटतील. मिर-२१ गाठीत वाढलेले असते, पीडीसीडी-४ आणि पीटेन या आवर घालणाऱ्या जनुकांना दाबते. ते जितके जास्त तितके रुग्णाचे आयुष्य कमी, असे २००८ मध्ये दिसले. पण त्यातलाही मोठा वाटा गाठीभोवतीच्या आधारपेशींतून येतो. लेट-७ हे रास जनुकांना आवरते. मिर-१७-९२ हा सहा जणांचा गट, मिक या जनुकाच्या सांगण्यावरून चेकाळणारा. मिर-३४ हे पी-५३ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनाचे हस्तक. २००७ मध्ये ते एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांत उघडकीला आले. मिर-१३५ थेट एपीसी या जनुकावर घाव घालते, आणि आतड्याच्या कॅन्सरची पहिली पायरी बहुधा एपीसीचा बिघाडच असते, हे फिरॉन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्येच मांडले होते.

उपचारांचे विचारपंथ म्हणाल तर मुख्य दोन. जे घटले ते भरून काढा, हा पहिला. जे माजले ते बांधून टाका, हा दुसरा.

पहिल्या पंथाची परीक्षा मिर-३४ने पाहिली. टेक्ससच्या मिर्ना थेरप्युटिक्स कंपनीने त्याची नक्कल चरबीच्या बारीक गोळ्यांत भरली, नाव ठेवले एमआरएक्स-३४, आणि २०१३ मध्ये ती शिरेतून रुग्णांना द्यायला सुरुवात केली. माणसावर कॅन्सरसाठी वापरलेली ही पहिली मायक्रोआरएनए-नक्कल. काही रुग्णांत गाठी आकसल्या, रक्तातल्या पेशींत मिर-३४ची ठरलेली जनुके दबलेली दिसली, म्हणजे माल काम करत होता. आणि तरीही २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. प्रतिकारशक्ती उसळून गंभीर त्रास झाले आणि चार रुग्ण दगावले. स्टेरॉइड आधी देऊनही ते टळले नाही. दोष रेणूचा होता की गोळ्यांचा, की बाहेरून आलेल्या दुपदरी आरएनएला विषाणू समजणाऱ्या आपल्या शरीराचा, यावर अजून वाद घालता येतो. माझे मत असे की दोष मार्गाचा होता. साऱ्या शरीरात सोडलेला शेकडो जनुकांचा नियंत्रक कुठे काय करील, याचा हिशेब कुणापाशी नव्हता. त्याच सुमारास सिडनीत फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरवर मिर-१६ची नक्कल जिवाणूंपासून केलेल्या पुड्यांत भरून दिली गेली. तिची पहिल्या टप्प्याची चाचणी बऱ्यापैकी निभावली, पण तीही पुढे सरकली नाही.

दुसऱ्या पंथाने सुरुवात दमदार केली. २००५ मध्ये अँटागोमिर नावाचे उलट-अक्षरी तुकडे उंदरांत चालले. २०१३ मध्ये मिराव्हिर्सेन या औषधाने हेपटायटिस सीच्या रुग्णांत मिर-१२२ बांधून विषाणू खाली आणला. पण मिर-१२२ यकृतात असते, आणि शिरेतून वा कातडीखालून दिलेला असला माल यकृतातच जाऊन बसतो; तिथे पोहोचण्यात मर्दुमकी नव्हती. शिवाय थोड्याच दिवसांत सोफोस्बुव्हिर आले आणि त्या औषधाची गरजच संपली.

यांखेरीज न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूकमध्ये जिंगफांग जू यांनी काढलेली एक तिसरी वाट मला फार चतुर वाटते. ५-फ्लुरोयुरॅसिल हे मुळात आरएनएमधल्या युरॅसिल या अक्षराचे नकली रूप. मग मिर-१२९ किंवा मिर-१५ यांच्यातली युरॅसिलची अक्षरे काढून तिथे हेच औषध बसवले तर? एकाच रेणूत जुनी केमो आणि नवा नियंत्रक. तो वाहनाशिवायही पेशीत शिरतो असा त्यांचा दावा आहे. उंदरांपर्यंत निकाल चांगले आहेत, आणि उंदीर या क्षेत्रात सगळ्यांवरच प्रसन्न असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणि चौथी वाट स्वयंपाकघरातून जाते. २०११ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवले की करक्युमिनमुळे आतड्याच्या कॅन्सरपेशींतले मिर-२१ घटते. आपल्याकडे अशी बातमी आली की ती व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या दिवशी ‘हळदीने कॅन्सर बरा’ अशी होते. इथे म्हैसूरचा निबंध पुन्हा उघडावा. आतड्याच्या कॅन्सरात तो उलट थोडी आशाच देतो, कारण न शोषलेला माल ज्या जागी साचतो ती हीच जागा. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम करक्युमिन देऊन पाहिले : रक्तात लेशमात्र, पण आतड्याच्या तुकड्यात मोजता येईल इतके. आता हिशेब करा. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. ३.६ ग्रॅमसाठी रोज १२० ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीतली चिमूट ही चव आहे, औषध नव्हे.

तोंडावाटे घेतलेल्या गोळीने आतड्यातला एखादा मायक्रोआरएनए हलवता येतो, हे मात्र आता सिद्ध झाल्यासारखे आहे. ओबेफाझिमोड हे फ्रेंच कंपनी अबिवॅक्सचे औषध मिर-१२४ वाढवते. मोठ्या आतड्याला अल्सर होणाऱ्या कोलायटिसमध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे अनुकूल निकाल जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. हा कॅन्सर नव्हे. पण वर्षानुवर्षे चिघळलेल्या कोलायटिसमधून कॅन्सर उद्भवतो, आणि अवयव तोच आहे. मला या क्षणी सर्वांत जास्त उत्सुकता या दिशेची आहे, कारण इथे रेणू बाहेरून नेऊन पोहोचवावा लागत नाही. पेशीलाच तो जास्त बनवायला सांगितले जाते.

नाहीतर पोहोचवण्याचे कोडे अवघडच आहे. यकृताच्या पेशींवर एक खास ग्राहक असतो. गॅलनॅक नावाची साखर जोडली की आरएनए थेट त्या पेशीत जातो आणि कोलेस्टेरॉलच्या सहामाही इंजेक्शनाचे यश त्यावरच उभे आहे. आतड्याच्या गाठीसाठी अशी किल्ली सापडलेली नाही. आतड्याचा कॅन्सर पसरतो तो बहुधा यकृतातच, म्हणून काम सोपे होईल असे वाटते. पण तिथली गाठ आतड्याच्या पेशींची असते, तिला यकृताचा तो ग्राहक नसतो. खालच्या बाजूने, एनिमाने द्यावे तर ते पसरलेल्या रोगाला पुरत नाही. पोटातले आम्ल टाळून मोठ्या आतड्यात फुटणाऱ्या कॅप्सुली आहेत, मात्र कॅप्सूल फुटल्यावरही श्लेष्म्याचा थर आणि जिवाणूंची विकरे उभी असतातच.

निदानाची बाजू मी मुद्दाम मागे ठेवली आहे. हाँगकाँगच्या गटाने २००९ मध्ये रक्तद्रवातले मिर-९२ आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांत वाढलेले दाखवले. त्यानंतर रक्त आणि मल या दोन्हींतून असे कैक निर्देशक सुचवले गेले. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीत जुळत नाही, ही तिथली रड आहे. औषधापेक्षा चाचणी आधी हातात येईल, असा माझा अंदाज.

हे पुस्तक म्हैसूरला, मराठीत का, असे काहींनी विचारले. म्हैसूरला कॅन्सरचा रेणवीय अभ्यास होतो. जेएसएस मेडिकल कॉलेजच्या जीवरसायनशास्त्र विभागातल्या केंद्रात आतड्याच्या कॅन्सरवरही काम चालते. आणि या शहराला मराठी काही परकी नाही. संस्थानाचे दिवाण व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव हे दोघे तंजावरकडच्या मराठी घराण्यांतलेच. पण खरे कारण वेगळे आहे. मराठीत कॅन्सरवर पुस्तके आहेत ती अनुभवकथनाची किंवा आहाराची. पेशीत काय घडते आणि औषध कसे ठरते, हे बारावीचे विज्ञान झालेल्या वाचकाला कळेल असे सांगणारे लेखन थोडे. रुग्णाचा मुलगा किंवा सून इंटरनेटवर हेच शोधत असते आणि तिला मिळते ते एकतर इंग्रजी शोधनिबंधांचे जंगल, नाहीतर चमत्काराच्या जाहिराती.

या पुस्तकाचा प्रयत्न या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याचा आहे. त्यात प्रत्येक मायक्रोआरएनएची जंत्री नाही. तशा याद्या संगणकावर हव्या तितक्या मिळतात आणि दर वर्षी जुन्या होतात. त्याऐवजी मोजके रेणू घेऊन प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले आहेत : तो कोणत्या पेशीत बिघडतो, बिघडल्याचा पुरावा किती पक्का, आणि तिथे पोहोचण्याचा रस्ता कोणता. फसलेल्या चाचण्यांना यशस्वी प्रयोगांइतकीच पाने दिली आहेत. वैद्यकीय विद्यार्थ्यांना काही भाग सोपा वाटेल, इतरांना काही जड. जड वाटला तर पुढे जावे, नंतर मागे यावे.

हे लिहीपर्यंत जगात कुठल्याही कॅन्सरवर मायक्रोआरएनएचे एकही औषध बाजारात आलेले नाही. कुणी इंजेक्शन, पावडर किंवा ‘जनुकीय उपचार’ म्हणून काही देऊ केले, तर त्याला सीटीआरआयचा, म्हणजे भारतीय चाचणी-नोंदणीचा, क्रमांक विचारा आणि तो स्वतः संकेतस्थळावर घालून पाहा. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे मागत नाहीत. आणि शौचातून रक्त जात असेल तर हे पुस्तक वाचून होण्याची वाट न पाहता आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.